सहाशे मीटर, दोन तास

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सोपं आहे ना हो?" आणि दुसरा, "बघायला काय मिळेल?"

पहिल्याचं उत्तर मी लगेच देते. सोपं आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत, ६०० मीटर सपाट वाळू. दुसऱ्याला मात्र इतक्या वर्षांनीही माझी पंचाईत होते. डॉल्फिन दिसतील असं कबूल करता येत नाही, कासव येईल असंही नाही. "खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्या बघू," असं म्हटलं की पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग "बरं, कळवतो." त्यातले निम्मे कळवत नाहीत. जे येतात त्यांच्याबरोबर मी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरते. हे माझं निवृत्तीनंतरचं काम.

त्याआधी २८ वर्षं रत्नागिरीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारचा मुलगा, त्याच्या घरी पर्यटक उतरतात, एकदा म्हणाला, "काकू, पाहुणे नाश्ता होईपर्यंत नुसते मोबाइल घेऊन बसलेले असतात. जरा किनाऱ्यावर फिरवून आणाल का?" मी हो म्हटलं. किनारा लहानपणापासूनचा, विषय हातातला, त्यात अवघड ते काय!

रत्नागिरी शहरातून काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. किनारा सरळ आखल्यासारखा, साधारण दीड किलोमीटर. एका बाजूला खाडीचं मुख, दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. मागे सुरूचं बन आणि कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र. खाडीपलीकडे राजिवडा, मांडवी आणि त्यांच्या मागे समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग. मांडवीकडची वाळू काळी, म्हणून तो आमचा काळा समुद्र. किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला पांढरा समुद्र. एकाच गावाला दोन रंगांचे समुद्र आहेत हे पाहुण्यांना सांगितलं की ते खूश होतात. सुरुवातीला माझं भांडवल एवढंच होतं.

शिक्षकाचं वेळापत्रकाशिवाय चालत नाही. मी रीतसर छापून घेतलं : दर रविवारी, सकाळी साडेसात. पहिला रविवार झकास गेला. पाणी लांब ओसरलेलं, ओली वाळू आरशासारखी, मंडळी खूश. दुसऱ्या रविवारी १४ जण घेऊन गेले तर समोर नुसतं पाणी. खाडीच्या तोंडाशी ज्या पट्ट्यावर आदल्या आठवड्यात तासभर फिरलो होतो, त्यावर कमरेइतकं पाणी हेलकावत होतं. मी घशाला कोरड पडेपर्यंत बोलत राहिले. शेवटी एक आजोबा सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, हे सगळं पाण्याखाली आहे का?" होतं खरं.

परतताना पुलाजवळ पाटी घेऊन बाजाराला निघालेली एक ओळखीची बाई भेटली. खाडीत मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी, माझ्याहून वयानं मोठी. माझी वरात बघून थांबली आणि म्हणाली, "बाय, आज दशमी. आज काय गावनार?"

भरती-ओहोटी आमच्या कॉलेजात भूगोलवाल्यांच्या वाट्याची. मला माहीत होती ती पुस्तकातली : चंद्राचं आकर्षण, दिवसातून दोन भरत्या, रोज सुमारे ५० मिनिटांचा उशीर. त्या बाईला माहीत होती ती पोटापाण्याची. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे माझ्या छापील वेळेला बरोबर पूर्ण भरती! आदल्या रविवारी तृतीया होती. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनची भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठच्या सुमाराला ओहोटी. म्हणून तो रविवार झकास. हिशेब ठोकळ आहे, अर्धापाऊण तास इकडचं तिकडे होतं. पण त्यावर किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्यांनी चुली पेटवल्या आहेत. दशमीला भांगाची भरती, तिचा जोर कमी, म्हणून पाणी सुरूपर्यंत चढलं नव्हतं एवढंच माझं नशीब.

छापलेली पत्रकं रद्दीत घातली. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात वार नंतर बघते, तिथी आधी. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया आणि तृतीया या माझ्या हक्काच्या. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान तळ उघडा पडतो. रविवार आणि द्वितीया एकत्र येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पाहुणे विचारतात, "शनिवार-रविवार नाही का जमणार?" मी सांगते, समुद्राला सुटी नसते.

दुसरी चूक अंतराची. मी देवळापासून खाडीच्या मुखापर्यंत सगळा दीड किलोमीटर चालवायची. दीड तासात तीस प्राण्यांची नावं, तीही लॅटिनमध्ये. वर्गात पोर्शन संपवायचा असतो ना, तसं. लोक नम्रपणे माना डोलवत. पण शेवटी "काय आवडलं?" विचारलं की उत्तर यायचं, "हवा छान होती."

ही खोड मोडली सांगलीच्या एका आजींनी. नात आणि जावयाबरोबर आल्या होत्या. दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी. जाहिरातीत "सोपी फेरी" वाचून आलेल्या. शंभर पावलांवर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी बसते हितंच." जावयानं गाडीतलं घडीचं स्टूल आणून दिलं. ज्या जागी त्या बसल्या तिथे ओल्या वाळूवर वाटाण्याएवढ्या खेकड्यांची वसाहत होती. आम्ही थोडं पुढं जाऊन वीसेक मिनिटांनी परतलो तर आजी स्टुलावर पुढे वाकलेल्या, बोट ओठांवर. गप्प राहायची खूण करत कुजबुजल्या, "ह्या एकानं एक माळ पुरी केली."

आम्हाला कळेना. मग उलगडलं. त्या खेकड्याच्या गोळ्या मोजत होत्या, जप मोजावा तशा. १०८ झाल्या होत्या.

मी अठ्ठावीस वर्षं तो प्राणी वर्गात शिकवलेला. पण एकाच बिळासमोर वीस मिनिटं हालचाल न करता मी कधी बसले नव्हते. आजींनी पाहिलं ते असं. पाणी ओसरलं की खेकडा बिळातून बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाला लावतो, आळीपाळीनं, भाकरीचे तुकडे मोडून खावेत तसा. वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि कुजकं अन्न तेवढं चोखून घेतो. निर्मळ झालेल्या वाळूची गोळी तोंडावर तयार होते, ती झाली की पायांखालून मागे सारतो. एका ओळीत थोडं पुढं जातो, परत बिळाशी येतो, दुसरी ओळ धरतो. त्यामुळे बिळाभोवती सूर्यकिरणांसारखी रांगोळी उमटते, आणि प्रत्येक किरणात एक वाट मोकळी ठेवलेली असते. धोका वाटला की त्या वाटेनं सरळ घरात! भरतीचं पाणी आलं की बिळाचं तोंड वाळूनं बंद करून आत हवेच्या कप्प्यात बसून राहतो. सगळी रांगोळी पुसली जाते. दुसऱ्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे सगळं दिसायला अट एकच. आपण हलायचं नाही. पावलं वाजली की शंभर खेकडे एका क्षणात गुडूप होतात. तीन-चार मिनिटं दम धरला तर एकेक डोकावायला लागतो.

त्या दिवसापासून फेरी आखूड होत गेली. दीड किलोमीटरचा एक झाला, एकाचे ६०० मीटर. वेळ मात्र दीड तासाचा दोन तास. माझ्या पिशवीत आता चार घडीची स्टुलं असतात, आणि बाकीच्यांसाठी जुन्या फ्लेक्सचे तुकडे बसायला. मंडळी १२ पेक्षा जास्त घेत नाही.

आता सुरूच्या बनातून सुरुवात करते. एक हिरवी काडी तोडून प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि विचारायचं, पान कुठं आहे? सगळे त्या लांब सुईला पान म्हणतात. ती फांदी असते. डोळ्याजवळ धरली तर तिच्यावर बारीक बारीक पेरं दिसतात. एक पेर हलकेच ओढलं की सुटून येतं, आणि पुन्हा खोचलं की बसतं. त्या सांध्याभोवती दातेरी खवल्यांचं कडं असतं, ती खरी पानं. मुलं मग "कुठून तोडलंय ओळख" हा खेळ सुरू करतात. आम्हीही लहानपणी हाच खेळायचो, पण ती पानं आहेत हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

बनाबाहेर पडलं की मर्यादवेल. जाड, आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. जिनं हे नाव ठेवलं तिला माझा नमस्कार. समुद्राची मर्यादा जिथं संपते तिथं ही वेल सुरू होते. पुढे जाता येत नाही, मागे हटत नाही, आणि लांबच लांब दोरांनी वाळू धरून ठेवते. दर पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थंडीत परत आणून घालतात. या देवघेवीत किनारा किती आत सरकला हे मी वेलीच्या कडेवरून ओळखते.

मग चुंबक. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं गोल चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणते. भाट्याची वाळू उजळ असली तरी लाट ओसरते तिथे तिच्यावर काळे पट्टे उठतात. पिशवी त्यावरून फिरवली की काळे कण काटेरी झुडपासारखे उभे राहतात. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून नद्यांनी आणलेली ही लोहखनिजं, मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. पाण्यानं हलके कण वाहून जातात, जड मागे राहतात. मांडवीला त्यांचा साठा मोठा, म्हणून तो समुद्र काळा. हे कळल्यावर पाहुणे खाडीपलीकडे बघतात ते वेगळ्या नजरेनं. पिशवी उलटी केली की कण पडतात, किनाऱ्याचं किनाऱ्याला परत.

एक गोष्ट मी प्रत्येक फेरीत सांगते, माझी मान खाली घालणारी असली तरी. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन किनारा स्वच्छतेला गेले होते. हातमोजे, पोती, उत्साह. दोन तासांत सात पोती भरली. मोजदाद करायला एक पोतं उलटं केलं, तर बाटल्या, दोर, चपला यांच्यामध्ये करड्या रंगाचे रबरासारखे पट्टे. बुडाशिवायच्या वाटीचा काठ कापून घ्यावा तसे, वीस-पंचवीस तरी. मुलं म्हणाली, "मॅडम, हे तुटलेले वॉशर खूप पडले होते."

ते वॉशर नव्हते. मून स्नेल म्हणतात त्या गोल शंखातल्या गोगलगाईची ती अंडी होती. मादी वाळू आणि स्वतःचा चिकट स्राव कालवून त्यात हजारो अंडी बसवते आणि पायाभोवती त्याची पट्टी वळते. कुंभारानं चाकावर काठ काढावा तशी गोल, गुळगुळीत. ओली असते तोवर रबरासारखी लवते. पिल्लं बाहेर पडल्यावर विरून साधी वाळू होते. आम्ही किनारा स्वच्छ करता करता एका जीवाचा पुढचा हंगाम पोत्यात भरला होता. मुलांचा दोष नव्हता. काय उचलायचं ते मी सांगितलं होतं, काय उचलायचं नाही ते सांगायचं राहिलं. ज्या पट्ट्या अजून ओल्या होत्या त्या आम्ही ओहोटीच्या रेषेवर परत नेऊन ठेवल्या. त्यातल्या किती वाचल्या असतील, देव जाणे.

आता पट्टी दिसली की सगळ्यांना गोल बसवते, हात न लावता दाखवते. मग जवळपासचा एखादा शिंपला शोधायला सांगते, ज्याला मोत्याला पाडतात तसं सुबक भोक आहे. दर वेळी कुणीतरी दोन मिनिटांत आणतंच. मुलींना वाटतं, माळ ओवायला देवानं सोय केली आहे. ते भोकही त्याच गोगलगाईचं काम. मुळ्याला पायानं कवटाळायचं, आम्लानं शिंपला मऊ करायचा, जिभेच्या कानशीनं कोरायचं आणि आतला जीव खायचा. भोकाची कड आतल्या बाजूला उतरती असते, लाकडात स्क्रूसाठी खोबण करतात तशी. नुसत्या झिजलेल्या भोकाला अशी कड नसते. मुळे काढणाऱ्या बायका अशा शिंपल्यांना बघून नाक मुरडतात. त्यांच्या धंद्यातला तो भागीदार, विनापरवाना.

फेरी खाडीच्या मुखाशी संपते. तिवराच्या झाडांखाली चिखलातून पेन्सिलींसारखी मुळं वर आलेली, श्वास घेणारी. कडेला चिप्पी आहे. २०२० साली पांढरी चिप्पी महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष झाली, त्यामुळे तिच्याबरोबर फोटो काढले जातात. मला मात्र तिवराचं पान द्यायला आवडतं. जिभेवर ठेवा म्हणते. आधी कुणी धजत नाही, मग एखादं पोर चाटतं आणि ओरडतं, "खारट!" मुळांनी शोषलेलं जादा मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. बारावीच्या पुस्तकात याला अर्धा परिच्छेद आहे. २८ वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला पान चाटायला दिलं नव्हतं. चिखलात निवट्या उड्या मारत असतात, मासा असून पाण्याबाहेर. थंडीत कुरव आणि चिखल्यांचे थवे उतरलेले असतात. पण एव्हाना पाहुण्यांना माझी गरज उरत नाही. त्यांचं त्यांना दिसायला लागलेलं असतं.

इथेच पुष्कळदा मुळे काढणाऱ्या बायका भेटतात. पहिल्या वर्षी मी त्यांना "स्थानिक उपजीविका" म्हणून दाखवत असे, लांबून, बोट करून. आता लाज वाटते. आता त्यांना आधी विचारते, वेळ असेल तरच थांबते. कुणाला मुळे घ्यायचे असतील तर पाहुण्यांनी थेट त्यांच्याकडून घ्यायचे, भावात घासाघीस करायची नाही. पाठीमागे पाण्याचा आवाज बदलला की त्यांच्यातली कुणीतरी न बघताच सांगते, "पानी फिरला." मग आम्ही परत वळतो. घड्याळ मी हल्ली फेरीत बघतच नाही.

शेवटी हमखास एक हात खिशातून बाहेर येतो : "मॅडम, हा एकच शंख नेऊ का? रिकामा आहे." मी तो तळहातावर उलटा ठेवायला सांगते आणि थांबायला सांगते. पुष्कळदा मिनिटाभरात त्यातून दोन डोळे आणि एक नांगी बाहेर येते. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. पोट मऊ, कवच नाही, शंखावाचून त्याला जगता येत नाही. आणि खरोखर रिकामा असला तरी तो कुणाचं तरी पुढचं घर असतो. प्रवाळ आणि काही जातींचे शंख तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं उचलायलाच बंदी आहे. पण कायदा सांगावा लागतो असे लोक क्वचितच. ते डोळे दिसले की माणूस आपणहून खाली वाकतो.

लोक विचारतात, एवढ्याशा फेरीचे पैसे घेता? घेते. सोपी वाट सोपी ठेवायला कष्ट पडतात. आदल्या संध्याकाळी जाऊन वाळू कुठं खचली आहे, जाळ्यातून फेकलेले शिंगाळ्याचे काटे कुठं पडलेत, काचा कुठं आहेत ते बघावं लागतं. स्टुलं उचलावी लागतात. आणि सगळ्यात जड काम, गप्प बसावं लागतं. शिक्षकाला विचारा ते किती जड.

यायचं असेल तर वद्य किंवा शुद्ध द्वितीया बघून या, ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात फेरी बंद. पायात जुन्या चपला, डोक्याला टोपी, खिसे रिकामे. सकाळी सातला सुरूच्या बनापाशी. नऊला परत, कारण नंतर वाळू तापते. चालायचं अंतर ६०० मीटर. दोन तासांतली वीस मिनिटं एका खेकड्यासमोर बसायचं आहे.